वरच्या गाडीतला हात

माझं नाव मुनीर, आमी मूळचे जुन्नरचे, पिंजारी, म्हंजी बाप धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा, कुनाची गादी पिंज, कुनाची उशी भर, पार महाळुंगे पडवळपतूर जायचा आन घरी आला की मिशीत कापूस, भुवईत कापूस, आई म्हनायची, सकाळी गेला तवा जवान व्हता, आला म्हातारा होऊन. मंग फोमच्या गाद्या आल्या आन बापाचा धंदा बसला तो बसलाच. माझा थोरला भाऊ सलीम, आमी त्याला भाई म्हनायचो, त्यानं नारायनगावात गॅरेजला काम धरलं, मलाही वढून नेलं, वारूळवाडीत खोली घेतली. तीच ही खोली, तुमी बसलाय ती. चहा प्या, निवतोय.

आता गाडीचं सांगतो. जत्रेत मौत का कुआ यायचा, तुमी बघितला असंल, फळ्यांचा गोल हौद, दुमजली घराएवढा खोल, लोकं वर कठड्याला धरून खाली बघत्यात आन खालून गाडी गरागरा फिरत भिंतीवर चढती. त्यांची मारुती बिघडली म्हनून भाईला बोलवलं, त्यानं ती दुरुस्त केली, तर चालवनाराच पळून गेलेला. मालक डोक्याला हात लावून बसला, आता चालवनार कोन. भाई म्हनला, मी चालवतो. मालकाला वाटलं गंमत करतोय. भाईनं पयल्या दिवशी खालच्या उतारावरच फिरवली, चवथ्या दिवशी भिंतीवर! काय सांगू तुमाला, मी वरून बघत व्हतो आन ह्यो खालून हसत व्हता.

मलाही त्यानंच शिकवलं. लई वकलो मी, पोटात पानी ठरत नव्हतं. भाई म्हनायचा, खाली बघू नको, लोकांकडं बघू नको, गाडीच्या नाकासमोरची फळी बघ, फळी संपत नाय तवर तू मरत नाय. आन गोल भिंतीची फळी कदी संपती व्हय? असं त्याचं बोलनं.

मंग आमच्या दोघांच्या दोन गाड्या झाल्या. सायलेन्सर काढलेला, दारं काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर दोरीनं बांधलेला. त्याची गाडी वर, माझी खाली, आन वर कठड्याच्या खाली एक तांबडा पट्टा, त्याच्या वर चाक न्यायचं नाय, तिथं लोकांची डोकी. भाई त्या पट्ट्याला घासून पळायचा, लोकं नोट हातात धरून वाकायची आन ह्यो चालत्या गाडीतनं हात वर करून ती उचलायचा, दहाची असू नायतर शंभराची, लोकांच्या टाळ्या पडायच्या. आन शेवटाला आमचा हाताचा खेळ. भाई एका हातानं स्टिअरिंग धरून अलीकडं सरकायचा, दुसरा हात खाली सोडायचा, मी खालून वर करायचो, आन हातात हात घालून दोन्ही गाड्या तीन फेरे मारायच्या. तीन फेरे झाले की भाई माझा पंजा दाबायचा आन सोडायचा. दोन सख्खे भाऊ हायत म्हनून माइकवाला वरडायचा, बायका पदरानं डोळं पुसायच्या.

नगर झालं, विदर्भ झाला, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रा तर हातच्याच. पावसाळ्यात घरी, बाकी सगळं वरीस तंबूत. भाईनं लगीन केलं नाय, कुव्यातल्या मानसाला पोरगी कोन देनार. मला दिली, पन तिच्या बापाला मी मिस्त्री हाय असंच सांगितलेलं. आमचा एक मोटारसायकलवाला भिंतीवरून पडून मेला, त्याच संध्याकाळी फळ्या पुसून पुढचा खेळ लावला. असला धंदा, राव. लोकं विचारत्यात मजा यायची का. यायची की. खोटं कशाला बोलू.

तर झालं काय, भाईच्या नोटा हुकायला लागल्या. नोट हिकडं, ह्याचा हात तिकडं. मला म्हनायचा, लोकं कवडीचुंबक झाल्यात, ऐन टायमाला हात मागं घेत्यात. मी इस्वास ठेवला. मंग तीन फेऱ्यांचे चार झाले, पाच झाले, भाई हात सोडंचना. माइकवाल्याला वाटलं नवीन खेळ बसवलाय. एका संध्याकाळी त्याची गाडी पट्ट्याकडं सरकली, मी घाबरून त्याचा हात खाली वढला, तर गाडी लगीच खाली आली. मी जरा ढिला सोडला, गाडी वर गेली. परत वढला, परत खाली. तवा माझ्या ध्यानात आलं, ह्यो बघून चालवत नाय, माझ्या हातावर चालवतोय.

तंबूत इचारलं. पयलं शिव्या दिल्या मला, मंग म्हनला, नळीतनं बघावं तसं दिसतंय रे, समोरचं येवढंसं, बाजूचं सगळं काळं, दिवे लागले की तेही नाय. डॉक्टरला दाखवलं व्हतं त्यानं, गुपचूप. डॉक्टर म्हनला हे वाढतच जानार, विलाज नाय. मी म्हनलं, भाई, बास कर आता. तर माझा हात धरून म्हनतो कसा, कुनाला बोलू नको, मला फकस्त फळी दिसली तरी बास, बाकी तू हायस ना खाली. लहानपनापासनं त्यानं माझ्याकडं काय मागितलं नव्हतं. मी म्हनलं, बरं.

सबंद हंगाम आमी तसा काढला. शेवटाच्या खेळात ठीक, माझा हात व्हता, पन नोटांच्या टायमाला तो एकलाच वर. मी खालनं गाडी पळवत त्याचं चाक बघायचो, तोंडानं अल्लाचं नाव. आन मंग एका जत्रेत एक बाई नोट धरून वाकली, काखेत लेकरू, आन भाईचं चाक पट्ट्याच्या वर गेलं. काच फुटल्यासारखा आवाज आला. बाईच्या बांगड्या, राव. हिरव्या बांगड्यांचे तुकडे माझ्या गाडीवर पडले, टपावर वाजले. तिनं हात मागं घेतला म्हनून हात ऱ्हायला, लेकरू ऱ्हायलं. खाली उतरल्यावर भाई मला इचारतो, लोकं का वरडली रे?

दुसऱ्या दिशी सकाळी मी मालकाला सांगितलं. सगळं सांगितलं. दुपारी तिकिटं फाटत व्हती, भाई गाडीत बसलेला, कपाळाला रुमाल बांधून, आन मालकानं येऊन चावी काढून घेतली. भाई काय भांडला नाय. उतरला, फळीला हात लावत लावत दारापतूर गेला आन माझ्याजवळ येऊन थांबला. म्हनला, मुनीर, हात सोडलास तू. येवढंच.

मी त्यानंतर एकल्यानं थोडे दिस चालवली, पन शेवटाच्या खेळाला माझा हात आपोआप वर जायचा आन वर कुनीच नसायचं. सोडला धंदा. आता मार्केटातनं टमाटूची पिकअप चालवतो, सरळ रस्ता, तरी चालताना डाव्या अंगाला कलतो, बायको हसती, म्हनती तुमचा कुवा अजून संपला नाय.

भाई आमच्यातच ऱ्हातो, पलीकडच्या खोलीत. आता त्याला पार दिसत नाय. बोलत नाय असं नाय हां, बोलतो, मीठ कमी झालं म्हनतो, पिकअपचा क्लच जळाला म्हनून मला झापतो. माझ्या बायकोच्या हातचं खातो, शेजारच्या कुनाचाबी हात धरून बाजारात जातो. पन माझा हात धरत नाय. मी पुढं केला की त्याला बरोबर समजतं, कसं समजतं देव जाने, हात मागं घेतो आन भिंत चाचपत जातो. मी त्याला सतरांदा सांगितलं, भाई, तू जित्ता हायस, ती बाई, तिचं लेकरू जित्तं हाय. तो म्हनतो, हाय ना. आन परत तीच येळ आली, तरी मी मालकाला सांगनारच, तुमी लिहून घ्या हे. पन छातीवर ह्यो दगूड घेऊनच मरनार मी.

बरं, तुमी आता यस्टी ष्टँडला जानार ना. अल्ला तुमचं भलं करो, लांबून आलात, बसून ऐकून घेतलंत. जाताना रस्त्यापलीकडं पंक्चरचं दुकान लागंल, बाकड्यावर एक मानूस बसला असंल, पांढरी टोपी, डोळे उघडे. ह्या टायमाला त्याला घराकडं यायचं असतं, गाड्या लई जोरात जात्यात, कुनी हात देईल म्हनून वाट बघत असतो. मी हिकडच्या बाजूला उभा ऱ्हातो रोज, ते त्याला म्हाईत नाय. येवढा त्याला रस्ता वलांडून द्या. हात घट्ट धरा, आन मधीच सोडू नका. माझं नाव नका सांगू.