राजा-चाकराची अदलाबदल

एका दुपारी गोष्ट सांगताना मी राजाला चाकर केलं, चाकराला राजा केलं, आणि परत जागेवर आणायचं राहून गेलं. काय सांगू तुम्हाला, लोक छत्री विसरतात, चप्पल विसरतात, मी अख्खा राजा विसरलो.

मी धडगावकडचा, पावरा आदिवासी. मिसरूड फुटायच्या आधीच तळोद्याला शेठच्या मिरचीच्या वखारीत पोती शिवायला लागलो. शेठ मारवाडी, वयाने माझ्याएवढेच; वखार आधी त्यांच्या वडिलांची, मग त्यांची. दुपारी डोंगराकडच्या जीपा निघून गेल्या की गिऱ्हाईक नाही, मग शेठ गादीवर आडवे व्हायचे, म्हणायचे, खेमा, मंग पुढे काय व्हयनं रे? की मी सुरू. उडणारा घोडा, सात डोंगरांपलीकडची चेटकीण, राजा आणि त्याचा चाकर. राजा म्हणजे शेठ, चाकर मी. गोष्टीत दोघं एका ताटात जेवायचे. वखारीत माझा कप खिडकीबाहेर, खिळ्याला. त्यावर कधी बोलणं झालं नाही. शेठ हं, हं करत हुंकारी द्यायचे. हुंकारी थांबली की गोष्ट थांबते, रीतच आहे तशी.

तर त्या दुपारी मला मस्ती आली. चेटकिणीने फुंकर मारली, झाली अदलाबदल. शेठ ठसका लागेस्तोवर हसले, म्हणाले, राहू दे, उद्या फिरव. उद्या माल आला, मग शेठच्या पोराचं लग्न आलं, आणि तेवढ्यात शेठ विसरायला लागले. आधी मिरचीचा भाव, मग वखारीची वाट, मग शेठाणीचं नाव.

आता मी शेठच्या घरी गेलो की उठून उभे राहतात, या महाराज म्हणतात, आपल्या पेल्यात मला चहा देतात आणि स्वतः खाली बसून माझे पाय दाबायला बघतात. थोरला पोरगा म्हणाला, खेमाकाका, तुम्ही येऊच नका आता, हे बघवत नाही. त्याचं बरोबर आहे. मलाही एकटा बसलो की पोटरीवर हात फिरल्यासारखं होतं, बघतो तर कुणी नाही.

त्याला म्हटलं, एकदा येऊ दे, मी फिरवतो. गेलो, चेटकीण परत आणली, फुंकर मारली, म्हटलं, राजा पुन्हा राजा झाला. हुंकारी नाही. पुन्हा मारली. शेठाणी पदर तोंडाला लावून दारात उभी. मी म्हटलं, शेठ, हुंकारी द्या ना.

तर शेठ जवळ सरकले, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, महाराज, राग नका धरू, पण तुम्हनापेक्षा पहिला राजा बरा व्हता.