पॉलिशिंग मशीन आणि वरपक्षाचा मान

चहा निवण्यापूर्वी हे सांगितलेच पाहिजे. कालपासून मला राहवत नाही. माझ्या जुन्या निळ्या मोटारीचा मूळ रंग मी आजवर जपला आहे. तिला चमक आणण्यासाठी पॉलिशिंग मशीन घ्यायचे ठरले. पुष्कळ वाचून मी निष्कर्ष काढला होता की, नवशिक्याने फिरता फिरता डुलणारे यंत्र घ्यावे. जास्त दाबले तर ते थांबते आणि रंग जळत नाही.

दुकानात सोबत माझ्या कन्येचे सासरे होते. हुपरीस त्यांचा चांदीचा कारखाना आहे. ते यंत्र पाहताच व्याही गरजले, "इवाई, हे कसलं ओ? दाबलं की थांबतंय. आमची पालिशची मोटर चांदीला भिडली की मागं सरत न्हाय. ते गरागरा फिरणारं घ्या."

"नवख्या हाती त्याने रंग जळतो, असे मी वाचले आहे."

"वाचून कुठं पैंजण चमकत्यात व्हय?"

दुकानदार हसला. "दोन्ही चालवून दावतो. पावणं, कुठल्या गाडीवर?"

"यांच्या," व्याही म्हणाले.

बाहेर माझ्या गाडीशेजारीच त्यांची कोरी काळी गाडी उभी होती. मी हात जोडले. "छे, छे. आपण वरपक्ष. पहिला मान आपल्या गाडीचा."

मान नाकारणे त्यांना लग्नातही जमले नव्हते. दुकानदार ते गरागरा फिरणारे यंत्र घेऊन काळ्या बॉनेटवर वाकला. व्याह्यांनी त्याचा दंड धरला.

"पावणं, ते थांबणारं आणा की."