बटणावरची लाल टेप

हॅलो?… हॅलो, कोण?… नलू? अवं, जोरात बोल ना… नाही, इतक्या जोरात नाही. बाबा नाइट करून आले, आतल्या खोलीत झोपले… हो, वसूच बोलून राहिली. आई गेली सिविक सेंटरले… पण तू कुठून बोलते? तुह्या घरी तर फोन नाही… शेजारून? कोणाच्या शेजारून?… बरं, नको सांगू.

हो, माहीत आहे मले, आज संध्याकाळीच. मंडळाच्या हॉलमध्ये. ताराताई आधी त्या सत्यशीलाचं ऐकणार, मग माझं, अन् यंदा गणपतीत कोण वाजवणार ते ठरवणार… नाही, मी घाबरली नाही. मी कावून घाबरू? गणपतीचा कार्यक्रम मागच्या साली कोणी सुरू केला होता? पडदा बंद, सगळे लाइट बंद आणि एकटी माझी बास गिटार. लोक खुर्च्या ओढणं विसरून गेले होते… तूच म्हटलं होतं तसं. आता नाही म्हणू नको.

आणि ही सत्यशीला आत्ता जुलैमध्ये आली जबलपूरहून. बापाची बदली झाली अन् आपल्या डोक्यावर येऊन बसली… हो, वाजवते चांगलं. मी कुठं नाही म्हटलं? पण मान कशी तिरपी करते पाहिलं का? जसं कोणी फोटोच काढून राहिलं… मी नाही जळत. जळायचं काय त्यात… नलू, हसू नको.

हसू नको म्हटलं ना. काल तू तिच्या सायकलवर डबल सीट गेली तेव्हा मी काही बोलली का?… माझी सायकल पंक्चर होती, मले कोणी विचारलं? मी रिसालीच्या वळणापर्यंत पैदल आली, खांद्यावर गिटार घेऊन… बस, छोड़ ना. सायकलचा विषय नाही आपला.

विषय डब्याचा आहे. हो, मीच मागितली अदलाबदल, सगळ्यांच्या समोर… मग काय करू? गिटारले जोडायचे दोन्ही डबे रेडिओ दुरुस्तीवाल्या चंपतकाकांनीच बनवले. माझा माह्या जुन्या टिफिनमध्ये, तिचा कंपासपेटीत. पायानं खटका दाबला की आवाज फाटतो, घोगरा होतो, दोन्हीचं काम एकच. मग तिचाच कावून इतका मस्त वाजते? मले वाटलं, माझा पहिला बनवला, तिचा हात बसल्यावर बनवला, म्हणून. तर म्हटलं, दे तुझी पेटी, घे माझा टिफिन… अन् तिनं दिली. हसून दिली. त्याचाच तर जास्त राग आला.

पुढचं तर तुले माहीतच आहे… हो, माह्या टिफिनवर तिनं वाजवलं अन् तेच. आधी गोल, मऊ आणि मग हळूहळू गुरगुर, जसा मांजराचा वाघ होऊन राहिला. आणि मी तिच्या पेटीवर वाजवलं, तर मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखं… गुलाब हसला, ऐकलं मी. तो काँगो बडवणारा, त्याले गिटारचं काय समजते.

काय?… काय म्हटलं?… करंगळी? कोणाची करंगळी?… तिची? करंगळीचं काय?

बटण?… गिटारच्या अंगावरचं, आवाजाचं?… अवं, त्याले हात लावायचा नसते. ताराताईनं त्याच्यावर टेप लावली आहे. तुले नाही माहीत, तू तेव्हा नव्हती. मागे एका कार्यक्रमात ज्याले त्याले आपलाच आवाज मोठा पाहिजे होता. हा थोडा वाढवते, तो थोडा वाढवते, शेवटी गाणारीचं तोंड हलून राहिलं अन् आवाजच नाही. तेव्हापासून ताराताई सगळ्यांची बटणं फुल करून वरून लाल टेप लावते. कमी-जास्त जे काय, ते तिच्या मशीनवरून… हो, सगळ्यांची. बाकीच्यांनी काढून टाकली, मी नाही काढली. माझी अजून तशीच आहे, एक कोपरा पण उखडला नाही… शहाणी म्हण नाहीतर काही म्हण.

तिच्या गिटारले नाही?… हो ना, ती तर नंतर आली.

ऐक ना, मले नाही पटत. बटण कमी केलं तर आवाज कमी होईल. घोगरेपणा कसा कमी होईल? तो तर डब्यात आहे… डब्यात जे जाते, तसं डबा करते? कमी गेलं तर साफ, जास्त गेलं तर फाटते?… हे तुले कोणी सांगितलं? तू तर ढोलक वाजवते.

थांब, थांब. गिटार इथंच आहे पलंगावर. पेटी पण जोडलेली आहे… रेडिओले. आवाज त्यातूनच येते, चंपतकाकांनी मागून वायर काढून दिली… हो, हळूच. थांब, टेप निघून नाही राहिली… नखानं… ताराताई पाहील ना वं… निघाली. खाली चिकट चिकट झालं सगळं.

ऐक. रिसिव्हर उशीवर ठेवते. ठेवू नको फोन.

…ऐकलं? हे फुल… हो, खोबरं. माहीत आहे, खोबरं.

आता कमी करते. अर्ध्याच्या जरा वर… ऐक हं.

…नलू.

नलू, ऐकलं का तू? ते… ते साफ झालं. डब्याचा खटका तर दाबलेलाच आहे, मी हात नाही लावला. एकदम गोल वाजलं. गळ्यातून आल्यासारखं… थांब, आता वाजवता वाजवता फिरवते. करंगळी पुरून नाही राहिली… थांब…

ऐकलं? शेवटी गुरगुरलं ना? ऐकलं ना तू?… नाही, बाबा नाही उठले, नुसतं खोकलले. परत करू का? परत करते.

हो… हो, थोडं लवकर फिरवलं. तिसऱ्या सुरानंतर फिरवायले पाहिजे?… बरं.

एक मिनिट. तुले हे कसं दिसलं? तू तर मागे बसते. तुले आमच्या पाठी दिसतात. तिची करंगळी तुले कशी दिसली?

आणि हे मागे काय वाजून राहिलं?… रेडिओ? रेडिओवर माझा तुकडा कावून वाजेल?

तू तिच्या घरी आहे.

…खोटं नको बोलू. शेजारी म्हणे. कधीपासून आहे तिथं?… सकाळपासून? जेवली पण तिथंच?… काय होतं जेवायले?… नाही, काही नाही. मले काय करायचं.

तिनंच सांगितलं तुले? मले सांगाले?… आज संध्याकाळी आमच्या दोघींतून एकीलेच निवडणार आहे, हे माहीत असून?… वेडी आहे का ती?

दे तिले फोन… दे म्हटलं ना.

…हां. मी वसुंधरा… हो. सगळं ऐकलं तू?… मान तिरपी करते ते पण?… मग करतेच तू… मी पण करते? मी कधी करते?… जाऊ दे. कसं वाजलं ते सांग… नाही, नलूसारखं नको सांगू, खरं सांग… हं… माझी करंगळी पुरत नाही तर अंगठ्याच्या कडेनं ढकलू?… समजलं.

संध्याकाळी टेप मीच काढली म्हणून ताराताईले सांगणार आहे मी. तुझं नाव नाही घेणार… घेऊ? बरं, घेते… हो, पेटी आणते तुझी. माझा टिफिन आण. ज्याचं त्याले परत. मग ताराताई ज्याले म्हणेल त्याले म्हणो… नाही, मले नाही वाटत तुलेच म्हणेल. आता नाही वाटत.

आणि एक. आज हॉलले येताना नलू माह्या सायकलवर बसून येईल. पंक्चर काढलं मी… तिले काय विचारायचं त्यात. डब्याची अदलाबदल केली होती आपण, नलूची नाही.

ठेवते… नाही, तू नको ठेवू. आधी मी ठेवणार.