खंडेनवमीला बंद केलेलं बटण

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक विचारतो. घरात काही मोडलं, बिघडलं, की आपली नजर पहिल्यांदा कुणाकडे जाते? खरं सांगा हं, देवापुढे बसलाय. बघा, पुढच्या बायका हसल्या आणि पुरुषमंडळी तबल्याकडे बघायला लागली! म्हणजे उत्तर मिळालं मला. घरात जे सगळ्यात नवं, त्याच्याकडे नजर जाते. मग ती सून असो, नाहीतर वस्तू असो. पण दोष खरंच तिथं असतो का? त्याचीच ही कथा.

येवल्यात एक पैठणी विणणारं घर. घरात नाना, म्हणजे मुरलीधर साळी. बायको यमुनाबाई आदल्या वर्षी गेली. मुलगा नीलेश, त्याची बायको म्हणजे घरातली नवी सून हर्षदा, आणि नानांची बहीण शकूआत्या. आत्याचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली मांजर उठावी.

आता या घरात माग होते तसा एक कॉम्प्युटरही होता. हसू नका! पैठणीचं नक्षीकाम आता त्याच्यावरही करतात. पडद्यावर बारीक चौकटी, एकेक चौकट भरायची, मग त्यातून मोर उठतो, वेल चढते. यमुनाबाई त्यात तरबेज. आजारी पडल्यावर मागावर बसवेना, तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे उशी घेऊन बसायची. शेवटी तिनं एक पदर काढला, राघूंच्या वेलीचा. तो कुणी विणला नव्हता अजून. दसरा झाला की नाना तो मागावर चढवणार होते. बायकोची शेवटची खूण होती हो ती, दुसरं काय!

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी चालू करावा, तर चहा पिऊन, देवपूजा आटपून यावं, तेव्हा कुठं तो डोळे उघडणार. त्यात होती विंडोज, म्हणजे मशीनचा आतला कारभार बघणारी कारभारीण. हर्षदा कॉलेजात लिनक्स शिकलेली. ही दुसरी कारभारीण, त्याच कामाची, पण हलकी. आता मी बुवा, मला काय कळतंय त्यातलं? आमच्या पेटीवाल्या जनूभाऊंच्या मुलीकडून समजून घेऊन आलोय. चुकलं तर तिला पकडा.

हर्षदा म्हणाली, "नाना, लिनक्स टाकूया. मशीन हलकं होईल."

नाना म्हणाले, "आणि जुनं? त्यात यमुनाचं काम आहे."

"जुनं तसंच राहतं, नाना. एकाच मशीनमध्ये दोन्ही. चालू केलं की तेच विचारेल, कुणाला उठवू म्हणून."

"मग कर. पण जुन्याला धक्का लागता कामा नये."

आता नव्याला जागा हवी. कपाटात नव्या सुनेला एक कप्पा द्यायचा, तर सासूचे कपडे थोडे सरकवावे लागतात, तसंच हे. सरकवण्याचं काम तासन् तास चालतं, आणि मध्ये वीज तोडायची नाही. आणि आधी सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. ती हर्षदानं ठेवली नाही. चुकलीच ती. मी तिची बाजू घेतो, पण चूक झाकणार नाही.

दिवस कुठला निवडला? खंडेनवमी! तिनं विचार केला, आज माग बंद, कॉम्प्युटर मोकळा. काम चालू करून दिलं आणि गेली पुरण वाटायला.

इकडे नाना पूजेचं ताट घेऊन निघाले. खंडेनवमीला हत्यार धुवायचं, पुजायचं, आणि त्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची. सुतार रंध्याला हात लावत नाही, कोष्टी मागावर धागा नेणाऱ्या धोट्याला लावत नाही. नानांनी मागाला हार घातला, धोट्याला कुंकू लावलं, आणि आले कॉम्प्युटरपाशी. त्यांच्या लेखी तेही हत्यारच, आणि तेही यमुनाचं. पडदा काळा होता, पण आत घरघर चालू. त्यांना वाटलं, पोरगी बंद करायची विसरली. म्हणाले, "आज तुलाही सुट्टी." आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मग मशीनवर झेंडू ठेवला, कुंकवाचं बोट लावलं मशीनला, आणि बटणालाही.

मंडळी, सांगा बरं, यात पाप कुठं आहे?

हर्षदा बाहेर आली. मशीनवर झेंडू, बटणावर कुंकू. जे समजायचं ते तिला समजलं. चालू करून बघितलं. जुनं उठेना, नवं आलेलं नाही, आणि यमुनाबाईचा पदर त्यातच अडकलेला.

नानांनी विचारलं, "काय झालं गं?"

ती म्हणाली, "माझ्या हातून बिघडलं, नाना."

झालं! शकूआत्याला तेवढं पुरलं. "आली तशी माझ्या वहिनीचं काम पुसून बसली! सांगितलं होतं कुणी नवं आणायला?" नीलेश बायकोशी बोलेना. नाना मागापाशी पाठमोरे बसून राहिले. आणि ही पोरगी सगळं ऐकून घेत पुरणपोळ्या वाढत होती.

दसरा झाल्यावर तिनं लिनक्स एका पेनड्राइव्हवर घेतलं. मशीनच्या घरात शिरायचं नाही, ओसरीवरूनच आत बघायचं, असं करता येतं म्हणे. त्याच्याकडून ती हरवलेलं काम शोधायला लागली. नाना शेजारी येऊन बसले. शोध फार सावकाश. बसता बसता पडदा काळा झाला.

नाना म्हणाले, "अगं, बंद पडलं."

हर्षदानं माउस हलवला, पडदा उजळला. ती सहज बोलून गेली, "बंद नाही, नाना. पडदा मिटतो, आत काम चालूच असतं."

नाना थांबले. भिंतीकडे बघितलं.

"त्या दिवशीही चालू होतं?"

तिनं उगाच माउस पुन्हा हलवला.

"मी विचारतोय, हर्षदा."

"हो, नाना."

"मग बोलली का नाहीस?"

"बटणावर तुमच्या बोटाचं कुंकू होतं. आईंच्या मशीनची पूजा केली होती तुम्ही. तुम्हाला कसं सांगू?"

मला इथं दरवेळी भरून येतं, मंडळी. शिव्या खाल्ल्या, नवऱ्याचा अबोला सोसला, पण म्हाताऱ्याला कळू दिलं नाही की बायकोची शेवटची खूण त्याच्याच हातानं गेली.

नाना उठले. पदर सापडणार की नाही, अजून काहीच कळलं नव्हतं. त्यांनी आत्याला हाक मारली, नीलेशला मागावरून उठवलं. शेजारचे दोघं ओट्यावर होते, त्यांनाही आत बोलावलं. म्हणाले, "बटण मी बंद केलं. बिघडलं ते माझ्यामुळं. हिला जे जे बोललात, ते मला बोला आता."

आत्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बसला!

संध्याकाळपर्यंत पुष्कळ काही निघालं, पण फायलींची नावं पुसलेली. हर्षदा एकेक उघडून बघत गेली आणि राघूंची वेल आली पडद्यावर. अख्खी. नाना रडले. आणि डोळे पुसून काय म्हणाले? "आधी याची प्रत ठेव. मग बसव तुझं ते लिनक्स." या वेळी काम चालू असताना स्वतः बटणापाशी खुर्ची टाकून बसले. आत्या केर काढायला आली, तर तिला म्हणाले, "लांबून काढ. आत काम चालू आहे."

आता तुमच्याकडे वळतो, मंडळी. तुमच्याही घरात कुणीतरी गप्प असेल. तुम्हाला वाटतं, चूक त्याची, म्हणून गप्प. अहो, तुमची चूक झाकायला तर गप्प नसेल? घरी गेलात की त्याच्यासमोर बसा आणि विचारा. आणि तो 'हो' म्हणाला, तर स्वयंपाकघरात हळूच माफी मागू नका. दोष ज्या आवाजात दिला, ज्यांच्यासमोर दिला, त्याच आवाजात, त्यांच्यासमोरच परत घ्या.

चला, विठ्ठलाचा गजर करू. पण ज्याला आज घरी जाऊन असं काही बोलायचंय, त्यानं इथं नुसते ओठ हलवावेत. आवाज तिकडे लागणार आहे.