तिसरी क्लचप्लेट

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, मोटारदुरुस्तीच्या एका गॅरेजच्या प्रतीक्षाकक्षात, माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ व त्यांची कन्या यांच्यात झालेले हे संभाषण आहे. काचेपलीकडे त्यांची तीस वर्षांची, दोन आसनांची स्पोर्ट्स कार जॅकवर चढवलेली होती.

“बाबा, बसा ना! किती येरझारा घालाल?”

“तिकडे गिअरबॉक्स उतरवलाय, आणि मी बसू?”

“वर्षात ही तिसरी क्लचप्लेट. दर वेळी बावीस हजार. शिवाय रेडिएटर, ऑइलगळती. विकून टाका आता.”

“जुनी झाली म्हणून विकायची? मग माझाही भाव काढून ये.”

“थट्टा पुरे. परवा चढावर ती मागे घसरली, तेव्हा शेजारी मी होते.”

“क्लच सुटला. त्यात माझा काय दोष?”

“मी तरी तुम्हाला कुठे दोष देतेय? गाडीच दगा देतेय.”

“हे बघ, मिस्त्री आले. त्यांनाच विचार.”

“मिस्त्री, खरं सांगा, गाडीत काही राम उरलाय का?”

“ताई, इंजिन ठणठणीत आहे. आणखी दहा वर्षं पळेल.”

“ऐकलंस?”

“मग प्लेट सारखी का जळते?”

“चालवताना पाय क्लचवरच राहतो, म्हणून. काका, डावा पाय जरा उचला बघू.”

“हा काय, उचलला! थांबा… गुडघा थोडा आखडलाय, इतकंच.”

“कधीपासून, बाबा?”

“झालं असेल वर्षभर.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“तू किल्ली काढून घेतली असतीस.”

“काका, गाडी खुशाल ठेवा. चालवणं मात्र तुम्ही आजपासून बंद करा.”