ह्यांची बडीशेप

...नाही गं, मोबाइल झाडाचं नाव चुकीचं सांगतोय तुझा. बडीशेपच आहे ती. ह्यांची. जेवण झालं की ह्याच खिडकीत उभे राहायचे, मूठभर बडीशेप तोंडात टाकायची, निम्मी खाली सांडायची — त्यातूनच उगवलं हे. ह्यांच्या माघारी. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलंय मी. तेच म्हणाले, नलिनीताई, काकांची आठवण आहे ना, राहू दे. मग आता परत झाडांची यादी कसली? भिंत रंगवायचीय म्हणून यादीत बिननावाचं असेल ते सगळं कापणार? कापा की. श्रुतिका, तू बडीशेप लिही नि जा बघू.

काय, शेपू? अगं, शेपू एवढा वाढतो का कधी! भाजीवाल्याकडे बघतेस ना, वीतभर जुडी — आणि हे बघ, माझ्या खांद्याला लागलंय, वर पिवळ्या फुलांची छत्री... पान चोळू? हे चोळलं. वास घेऊ? सत्तेचाळीस वर्षं स्वयंपाक करतेय मी, मला वास शिकवतेस?

...शेपूच आहे. माहितेय मला. पहिल्या दिवसापासून माहितेय. ह्यांची बडीशेप भाजलेली असायची, ती कुठली उगवायला!

बस जरा पायरीवर. बाळंतशेप माहितेय तुला? शेपूचंच बी. बाळंतिणीला जेवणावर देतात, दूध चांगलं यावं म्हणून. आमच्या तेजलसाठी अर्धा किलो आणलेली — पहिलं बाळंतपण, माहेरी येणार, म्हणजे काय! डिंक आणला, अळीव आणले, मऊ साड्या फाडून दुपटी शिवली. आणि फोनवर बोलून गेले — लवकर ये गं, तुझ्या सासूला धड चहा येत नाही, ती काय बाळंतीण सांभाळणार! फोन स्पीकरवर होता. सासू शेजारीच बसलेली. लागली ना वाट! तेजल म्हणाली, आई, मी इथेच राहते. बास. एवढंच.

बाळंतशेपेचं ताट उन्हात ठेवलेलं, भाजायच्या आधी. उचललं नि दिलं ह्याच खिडकीतून भिरकावून. माझं डोकं हे असं. दिवाळीत नात झाली. मुलुंडला — बोरीवलीतनं हा डोंगर ओलांडला की मुलुंड. फोटो येतात. मी अजून हातात घेतली नाही गं तिला.

खोटं का बोलले? नवऱ्याची आठवण म्हटलं की लोक कोयता खाली ठेवतात. मुलगी आली नाही म्हणून उगवलंय, हे कोणाला सांगू?

फोटो काढलास? बघू. छान आलाय. तेजलला पाठवतेस? नंबर सांगते — लिही, बी धरायला लागलंय म्हणावं, बाळ अंगावर पितं ना अजून, लागेल तुला... आणि सासूबाईंना म्हणावं, आईचं चुक...

नको. नको पाठवूस. खोड ते. तिला वाटेल, सासूवरून अजून टोमणेच मारतेय.

तू आपलं रानटी लिही. कोणी लावलेलं नाही, कोणाचं नाही. उद्या रंगवाले येतील तेव्हा कापू देत. ऊठ आता, मला दार लावायचंय.