कापसाचा ब्रेक

— नाही नाही भाऊ, हेल्मेट मांडीवरच राहू द्या, तेच तर पाहिजे! हेल्मेट मांडीवर असलं की माणूस गाड्यांतला जाणकार दिसतो, नसला तरी. दोंडाईच्याचे म्हणालात ना? गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, म्हणजे घटकाभर या बाकावरच बसणार. मग माझं एवढं एक काम करा. आत शोरूममधून माझी सून येईल — मोहिनी — ती बघा काचेतून, पोपटी ड्रेस, पायात माझ्या दीपकचे बूट — ती आली की तुम्ही आपणहून म्हणायचं, 'ताई, शिकाऊ माणसानं लहान गाडी घ्यावी, मोठी पडली की उचलत नाही.' बस. खोटं कुठंय त्यात? फक्त मी शिकवलंय हे तिला कळता कामा नये. मी सांगितलं तर ऐकणार नाही हो, माझं गावात कुणीच ऐकत नाही. का म्हणजे? — गेल्या पोळ्याला शेजारच्या धुरपदाबाईला मी सांगितलं, सरकार बैलांचं आधार कार्ड काढतंय, फोटोसाठी शिंगं रंगवून आण. ती बाई खरंच बैल धरून ग्रामपंचायतीपुढे उभी! बैलानं नोटिसांचा फळा चाटून साफ केला. तेव्हापासून 'आग लागली' असं मी ओरडलो तरी लोक आधी हसून घेतात आणि मग बादली शोधतात.

स्कूटी का नाही? — खान्देशात राहून असं विचारता? अहो, ती पशुसखी झालीय. पाच गावं फिरायची, शेळ्यांना लसी टोचायच्या, वासरांना जंताचं औषध पाजायचं. आमची पारोळ्याकडची काळी माती — दोन सरी पडल्या की स्कूटीच्या एवढ्याशा चाकात चिखल असा ठासून बसतो, की चाक जाम आणि बाई खाली. मोटरसायकलचं चाक मोठं, ते निघतं. इथवर आमचं एकमत, भांडण पुढं आहे. आत दोन उभ्या केल्यात — एक शंभर सीसीची, म्हणजे शेळी बघा, मान खाली घालून चालणारी. दुसरी दीडशेची — रेडा! टाकी अशी फुगलेली, जशी आताच पाणी पिऊन आलीय. आणि आमच्या बाई केव्हाच्या त्या रेड्याच्या पाठीवरून हात फिरवताहेत. तिचं म्हणणं, लसींची पेटी, मागं माणूस, वर चढण — शंभरची धापा टाकेल. माझं म्हणणं, अगं, नवा गोऱ्हा कुणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतं का? आधी त्याला रिकाम्या गाडीला लावायचं, अंगातली मस्ती जिरू द्यायची. तर मला म्हणते कशी, 'आबा, गोऱ्हा कोण — मी का गाडी?' घ्या! माझ्या घरात राहून माझ्यावरच शिकलीय.

शिकवली मीच, दुसरं कोण? कशी म्हणजे — जागेवर! हसू नका. जुनी गाडी अंगणात डबल स्टँडवर लावली, मागचं चाक हवेत, आणि हिला वर बसवली. क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड — आठवडाभर ही तिथल्या तिथं भरधाव! मी पुढं उभा राहून ओरडायचो, 'म्हैस आली, हॉर्न!' मध्येच तांब्याभर पाणी अंगावर — 'पाऊस आला!' धुरपदाबाई भिंतीवरून डोकावून सुनेचा मुक्काम विचारायची, 'कथा पोहचनी आज सून?' मी म्हणायचो, 'धुळं सोडं, आते सुरत!' आमचा दीपक सुरतेला असतो ना कामाला — तर ती बाई खरंच विचारते, 'मंग दीपक भेटना का?'

आणि एक दिवस स्टँड सरकला. अंगण शेणानं सारवलेलं, गुळगुळीत — चाक टेकलं, आणि गाडी सुटली ती सरळ समोरच्या खोलीत! दार उघडं. खोलीत काय? — कापूस. भाव चढायची वाट बघत छतापर्यंत भरलेला. भप् करून आवाज आला, बस. गाडी गडप, मोहिनी कमरेपर्यंत आत, डोक्यावर पांढरं — हुबेहूब माझी आई! मी हात जोडले. खरचटलंसुद्धा नाही तिला. 'माले काय व्हस?' म्हणाली. उलट मला अक्कल सुचली — स्टँड काय करायचाय! रोज फाटकापासून निघायचं आणि कापसात थांबायचं. असं सगळं शिकणं झालं तिचं. दीपक फोनवर विचारतो, आबा, बरा भाव आलाय, कापूस का काढत नाही? आता काय सांगू पोराला, की तुझ्या बायकोची शाळा त्याच्यावर चाललीय! अख्खं घर खाजवतंय त्या कापसानं — रात्री खाजवा, जेवताना खाजवा — पण विकला नाही.

ब्रेक? — ब्रेकचं काय? — नाही, म्हणजे… ब्रेक असा वेगळा नाही शिकवला. लागलाच नाही हो, कापूस होता ना. — असं काय बघता? — हं. — हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. मीच शिकवायला घेतलं आणि मीच… बरं, मग म्हणूनच म्हणतो मी, लहान घ्या! हलकी गाडी पाय घासूनही थांबते. आणि त्या रेड्याची मागची सीट बघितलीत? शिडी लावा! माणूस बसणार कसा? — कुठला माणूस म्हणजे, कुणीही. पाहुणारावळा. — मी? माझं काय मध्येच. मी एका टांगेत… हा बघा पाय. — एवढाच उचलतो. — नाही, दुखत नाही, वर जात नाही नुसता. घरी माहीत नाही कुणाला. मी सांगितलं जुनी गाडी आता लांब टिकत नाही, मी नाही चालवत, तूच शीक तिच्यावर — असं गोड बोलून सोडली. दिवाळीपासून पारोळ्याचा बाजार बघितला नाही भाऊ. थट्टा करायला माणसं लागतात हो — घरात बसून कुणाची करू, कापसाची? तर त्या शंभरच्या गाडीची सीट खाली आहे. आत गेलो होतो तेव्हा सेल्समनचा डोळा चुकवून मांडी लावून बघितली मी. बसतो बरोबर. रेड्यावर नाही बसणार. मग ती पाच गावं फिरेल, आणि मी ओट्यावर बसून तिच्या मागची धूळ बघेन. — हे नाही सांगायचं हं तिला! तुम्ही फक्त शिकाऊ माणसाचं बोला. शेवटचं मी बोललोच नाही असं समजा.

अरे — कुठं गेली? काचेत दिसत नाही. — रेडापण जागेवर नाही! — अहो भाऊ, मागच्या दारानं काढली वाटतं चालवून बघायला — आवाज ऐका — आली, ती बघा, शेडच्या कोपऱ्यावरून — सेल्समन मागं पळतोय — आणि इकडंच येतेय, नीट बाकावर! मोहिनी! मोहिनी, इथं कापूस नाही गं! — भाऊ, पाय वर घ्या, पाय —

थांबली.

थांबली की हो. बाकापासून वीतभर. — कुठं शिकलीस गं ब्रेक? — काय? मी दुपारी झोपतो तेव्हा? शेताच्या रस्त्यावर? — आणि मग रोज संध्याकाळी कापसात कशाला शिरत होतीस? — मला हसू येतं म्हणून? — बघा भाऊ, बघा! आयुष्यभर मी गावाला बनवलं, आणि ही मला कापसात… हे? हे दोंडाईच्याचे पाहुणे. त्यांना काही बोलायचं नाहीये. नाही ना भाऊ? बघ, नाही म्हणतात.

काय म्हणतेस? बाकावर उभा राहू? कशाला? — इथून सीटवर टांग टाकायला? — घरी ओटा आहे. बरं. — शेतात बांध, बाजारात पाराचा कठडा. — तू कधी बघितलास गं माझा पाय? — बरं, बरं, चारचौघांत नको. नवरदेवपण घोड्यावर असाच चढतो, खरंय तुझं.

उठा भाऊ. उठा, बाक सोडा, मला चढायचंय. आणि ते हेल्मेट द्या इकडं — एक चक्कर मारून आणून देतो. तोवर सुरतेला एक फोन लावा तुमच्या मोबाईलवरून, नंबर देतो. दीपकला म्हणावं, आबानं कापूस विकायला काढला.